विजेची राख

मी एकदा धारच्या आमच्या अख्ख्या गल्लीला दगडी कोळशाची राख खायला घालणार होते. घालता घालता राहिले, हे माझं नशीब नव्हे, गल्लीचं. आणि हे काही अडाणीपणातून नाही बरं का. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होते, चांगल्या मार्कांनी, आणि ते मार्क सासरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ऐकवूनही झाले होते. त्या वयात मला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक माझी डिग्री आणि दुसरा माझा लांब शेपटा. शेपटा यथावकाश गळाला. डिग्रीचं काय झालं ते सांगायलाच बसले आहे.

उन्हं तापायला लागली की ही गोष्ट दरवर्षी आमच्या गच्चीवर येऊन बसते. देवासला चैत्र उतरणीला लागला की घरोघरी वर्षाचं धान्य भरायची घाई सुरू होते. जुन्या साड्या अंथरायच्या, त्यावर गहू पसरायचा, दिवसभर पायांनी वरखाली करायचा. गव्हाच्या त्या ढिगात पाय घातला की वरचा थर भाजतो आणि आतला अजून गार असतो. पावलांना दोन ऋतू एकदम कळतात. गव्हाला एरंडेलाचा हात, कडुनिंबाचा पाला. हरभरे नालछ्याकडचे, तूर डहीकडची, ती विकणारी बाई दरवर्षी तेच सांगते, "बई, असी तूर तमने आखा देवास में नी मिलेगी." आणि मग मूग. मूग फार लाडाचा. भुंगा घरात शिरला की आधी मुगाचा पत्ता विचारतो. म्हणून त्याला राख. गोवऱ्यांची, वस्त्रगाळ केलेली, मऊ राख. मूग परातीत घ्यायचे, वर राख भुरभुरायची आणि दोन्ही हातांनी हलके हलके चोळायचे. हिरवा मूग बघता बघता पारव्याच्या रंगाचा होतो.

यंदा चोळायला माझ्याबरोबर राही होती. राही म्हणजे माझ्या मुलीची, नंदिनीची, मुलगी. आठ वर्षांची. कोपरापर्यंत राखेत हात घालून बसली होती.

"आजी, हे सगळं गंदं करून मग परत धुवायचं? असं का?"

"भुंग्याला पण तुझ्यासारखंच वाटतं. गंदं आहे म्हणून तो तोंड लावत नाही."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून हे बसले होते. ह्यांच्याकडे देखरेखीचं खातं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मुगाची परात बाहेर आली की ह्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. पेपर खाली न करता ते म्हणाले, "राही, राख कुठली आहे ते आजीला विचारून घे हं. लॅबमध्ये तपासून आणली का म्हणावं."

"अब बस भी करा हो!" मी म्हटलं. राग आला की मालव्यातल्या मराठी माणसाचं हिंदी आपोआप वर येतं.

"का? कुठली असणार?" राहीनं विचारलं. आणि तिला सगळं सांगावं लागलं.

नंदिनी तीन वर्षांची होती तेव्हा ह्यांना गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका वीजकेंद्रात नोकरी लागली. इंजिनियर म्हणून. आम्ही धारहून बिऱ्हाड उचललं आणि समुद्राकाठच्या कॉलनीत जाऊन पडलो. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी हे मोठ्या हौसेनं मला किनाऱ्यावर घेऊन गेले, बायको आता काहीतरी सुंदर बोलेल म्हणून वाट पाहत उभे राहिले. मी म्हटलं, "एवढं पाणी, आणि डाळ शिजवायला एक भांडं उपयोगाचं नाही." हे तसेच मागे वळले. पुढे कितीतरी दिवस मला कुठे फिरायला नेलं नाही.

पण वीजकेंद्राच्या मी प्रेमात पडले. त्याची चिमणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. आभाळाला टेकलेली, लाल-पांढरे पट्टे ओढलेली. तिच्यातून करडा धूर दिवसरात्र निघायचा आणि मी पाहुण्यांना तो हात करून दाखवायची, जणू चुलीवर मीच काहीतरी ठेवलं होतं. "ती बघा आमची चिमणी." आमची! शेजारच्या जसुबेन कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघत राहायच्या. त्या तिथे आधीपासून होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "बेन, अहींया सफेद साडी न पहेराय." मला वाटलं, काही रीत असेल इकडची. मी आपली एक पांढरी साडी मुद्दाम नेसले आणि धुऊन दोरीवर वाळत घातली, रीत मोडायला. संध्याकाळी काढली तेव्हा ती राखाडी होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, साबण बरा नाही इथला.

केंद्रातून एका मोठ्या नाल्यानं कोमट पाणी समुद्रात सोडत. यंत्रं थंड करून आलेलं. आम्ही कॉलनीतल्या बायका थंडीत तिथे पाय शेकायला जायचो. काय सुख वाटायचं! फुकटचं गरम पाणी. मासेवाल्या बाया कुरकुरायच्या, त्या पाण्यापायी मासळी लांब गेली म्हणून. आम्ही पाय हलवत बसायचो आणि म्हणायचो, मासळी काय, आज इथे उद्या तिथे.

आणि राख. ती रोज सकाळी आलेली असायची. ओट्यावर, खिडकीच्या पट्टीवर, तुळशीच्या पानावर, सायकलच्या सीटवर. रांगोळीच्या पिठीहून मऊ, मोठ्या समजुतीनं पसरलेली. आवाज नाही, वास नाही. नंदिनी उठली की आधी ओट्यावर जायची आणि त्या राखेत बोटानं घर काढायची. एक दार, दोन खिडक्या, वर चिमणी. आमच्या कॉलनीतली पोरं घराला चिमणी काढायचीच. मग मी पोतेऱ्यानं ते घर पुसून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी पुन्हा कोरी तयार. ती खोकायची. समुद्राची हवा लागली, असं मी धरून चालले होते. मालव्याची पोर, तिला ओली हवा सोसत नाही. आल्याचा रस, मध, ओव्याची पुरचुंडी. हे सगळं मी करत होते आणि तिच्याच समोर रोज ती राख झाडत होते. इतकं रसायनशास्त्र शिकलेली बाई मी! आता त्या बाईची गाठ पडली तर मी तिला ओट्यावर बसवीन आणि तिच्या शेपट्याला धरून विचारीन, अगं, चिमणी त्या बाजूला आहे, पोरगी ह्या बाजूला खोकते आहे, मधे काय आहे ते एकदा बघशील का?

पण नाही. त्या बाईला त्या राखेत काहीतरी वेगळंच दिसलं.

धारला सासूबाईंची त्या काळात एकच तक्रार असायची. घरात गॅस आला आणि चूल गेली. चूल गेली म्हणजे राख गेली. "सूनबाई, तुमच्या त्या निळ्या ज्योतीला राख का नाही हो पडत?" असं त्या मला विचारायच्या, जणू गॅसचा शोध मी लावला. आमचं घराणं जुन्या दरबारातल्या चाकरीचं. दरबार जाऊन जमाना झाला, पण सासूबाईंची भाषा तिथेच राहिली होती. सुनेला त्या कधी एकेरी बोलल्या नाहीत. रागावल्या तरी 'तुम्ही'च. त्या 'तुम्ही'ची मला जास्त धास्ती वाटायची.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात धान्य भरायला धारला जायचं ठरलं, आणि मला सुचलं. सासूबाईंना राख हवी. माझ्या दारात राख पडते. रोज पडते, फुकट पडते, चाळावीसुद्धा लागत नाही. मी ओट्यावरची, गच्चीवरची, खिडक्यांवरची राख कोरड्या फडक्यानं गोळा करायला लागले. वनस्पती तुपाचे रिकामे डबे भरले. जसुबेननी विचारलं, काय करता? मी सांगितलं, सासरी नेते. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या आत हसत होत्या हे मला पुढे कळलं.

डबे घेऊन मी नंदिनीसह आगगाडीनं आणि मग बसनं धारला पोचले. हे मागाहून रजेवर येणार होते. मी सासूबाईंच्या पुढ्यात एक डबा उघडला. त्यांनी चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली. इतकी मऊ राख त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"कोठली हो ही?"

"आमच्याकडची. वीज तयार करताना निघते."

झालं. विजेची राख आली ही बातमी दुपारपर्यंत गल्लीभर. समोरच्या गंगाबई वाटी घेऊन आल्या, पण डब्याला हात लावेनात. दारातूनच मान पुढे करून बघत राहिल्या. म्हणाल्या, "बई, इमें करंट तो नी है?"

मी इतकी हसले! शहाण्या बाईचं हसणं. मग त्यांना समजावलं, रसायनशास्त्राच्या जोरावर, की राख म्हणजे राख, सगळं जळून गेल्यावर जे उरतं ते शुद्धच असतं. "जळाल्यावर काही शिल्लक राहत नाही, काकी. हे विज्ञान आहे." हे वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. झोप लागत नाही तेव्हा ते आठवून मी उशीत तोंड खुपसते.

गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या, पातेली घेऊन आल्या. मी ओट्यावर बसून सगळ्यांना राख वाटली. दोन दिवस आमच्या गल्लीत घरोघरी परातींमधून मूग, मटकी, चवळी चोळली जात होती. भुंगे तर मुगाकडे फिरकेनात. "भाभी की राख में दम है," असं पलीकडच्या घरातला भिया, म्हणजे मालव्यातला दादा, म्हणाला तेव्हा मला वाटलं, आपण ह्या गावाला काहीतरी दिलं.

मग हे आले. बॅग खाली ठेवली, ओट्यावर परातीत राखाडी मूग पाहिले, सवयीनं बोटं लावली. ह्यांचा रोजचा संबंध त्या राखेशी. बोटांना ओळख पटली.

"ही इथे कशी आली?"

मी कौतुकानं सांगितलं. मी सांगत गेले तसतसा ह्यांचा चेहरा उतरत गेला. ते खाली बसले. म्हणाले, "अगं, तो दगडी कोळसा आहे. जमिनीतून काढलेला. काय काय असतं त्यात! ती राख आम्ही तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हाताळत नाही." आणि मग हळू आवाजात, "किती घरांत दिलीस?"

सगळ्या घरांत दिली होती.

गल्लीतल्या बायका आमच्या आडावर जमल्या त्या दिवशी. परातीच्या पराती मूग धुवायला. मी रहाट ओढत होते आणि मान खाली होती. पाणी आधी काळं, मग करडं, मग पांढुरकं होऊन वाहत होतं. गंगाबई एकीकडे मूग चोळत होत्या आणि एकीकडे माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हने तो पेलां ज पूछ्यो थो." मी आधीच विचारलं होतं. सगळ्याजणी हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

सासूबाई हसल्या नाहीत. मूग धूत होत्या. नंदिनी त्यांच्या पाठीशी बसून पाण्याशी खेळत होती आणि खोकत होती. तिचा तो खोकला आम्हाला इतका सवयीचा झाला होता की आम्हाला ऐकूही येत नसे. सासूबाईंना ऐकू येत होता. त्यांनी हात थांबवले. आपला काळा झालेला तळवा पाहिला. मग नंदिनीकडे पाहिलं. म्हणाल्या, "सूनबाई, मूग धुऊन निघतील. ह्या पोरीची छाती कशी धुवाल? हिला येथेच राहू द्या."

रहाटाचा दोर माझ्या हातातून सुटला. बादली खाली जाऊन आपटली, तो आवाज अजून कानात आहे.

नंदिनी धारला राहिली. मी समुद्राकाठी परत गेले, आणि सकाळी ओट्यावर राख पडलेली असायची, तिच्यात कुणी घर काढलेलं नसायचं. मी ती पुसायची तेव्हा रडायची. जसुबेन भिंतीवरून एक वाटी खिचडी द्यायच्या आणि हसायच्या नाहीत. ते वर्ष फार लांबलं. मग ह्यांनी नोकरी सोडली, देवासच्या एका कारखान्यात लागले, आणि आम्ही तिघं पुन्हा एका छपराखाली आलो. मालव्याच्या कोरड्या हवेनं म्हणा, सासूबाईंच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीनं म्हणा, नंदिनीचा खोकला हळूहळू गेला. किती हळू? कधी गेला तेच कळलं नाही. एक दिवस लक्षात आलं, की ही बराच वेळ बोलते आहे आणि मधे थांबली नाही. गल्लीतही त्या मुगानं कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. देवानं माझ्यासारख्यांसाठी काही वेगळी सोय करून ठेवलेली असावी.

गोष्ट इथे संपली असती. पण ती पोरगी इंजिनियर झाली. तेही बाकीचं सगळं सोडून धूर, राख, सांडपाणी ह्यांतली. आणि गेल्या पावसाळ्यात एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, ते आपलं केंद्र आठवतं? त्याचं जुनं सगळं बदलायला घेतलंय. राख पकडायची यंत्रणा, धुराची, गरम पाण्याची. मला त्या कामावर बोलावलंय."

मी पोळी अर्धवट लाटून तशीच उभी राहिले. "त्याच राखेत जाणार तू? बंद करून टाका म्हणावं ते एकदाचं!"

"होईल गं बंद कधीतरी. हल्ली आपल्या इथल्या टेकड्यांवरसुद्धा पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. पण ते बंद होईतो काठावरच्या लोकांनी खोकत बसायचं का?"

मी पोळी पुन्हा लाटायला घेतली. हे नातीला वरण वाढत होते आणि डोळे पुसत होते, मिरचीचं निमित्त करून.

राहीचं काय, हा प्रश्न निघाला. जावईबापू पीथमपुरला औषधांच्या कारखान्यात, पहाटे शिफ्टची बस. नंदिनीच्या मनात राहीला बरोबर न्यायचं होतं. पण जुनी यंत्रणा निघून नवी बसेपर्यंत तिथली हवा तशीच असणार होती, आणि राहीची छातीही आईवर गेलेली, पाऊस लागला की शिट्टी वाजते. बोलता बोलता नंदिनी थांबली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. ती जे वाक्य म्हणणार होती ते मी म्हटलं. माझं नव्हतंच ते.

"हिला येथेच राहू द्या."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण त्या दिवशी जेवणघरात त्या होत्या.

मग सुरू झालं वाट पाहणं. दर रविवारी सकाळी नंदिनीचा व्हिडिओ कॉल यायचा. तिनं क्वार्टरच्या गॅलरीत एक पांढरा पंचा बांधला होता. केंद्राच्या फाटकावर आकड्यांचा मोठा फलक आहे, हवेत काय किती ते दाखवणारा, पण राहीला आकडे नको होते, तिला पंचा हवा होता. आधीच्या रविवारी धुवून बांधलेला पंचा नंदिनी सोडायची आणि फोनसमोर धरायची.

"कसा आहे?"

"राखाडी," राही म्हणायची. नापास करणाऱ्या मास्तरीणबाईंच्या आवाजात.

सगळे महिने तो राखाडीच होता. कधी कमी, कधी जास्त. राही गेल्या गणपतीपासून माझ्याकडे. झोपताना आईची ओढणी उशाशी घ्यायची आणि सकाळी ती लपवून ठेवायची, आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला कळलेलं तिला कळू नये म्हणून आम्हीही ती शोधत नव्हतो. नंदिनीनं शब्द दिला होता: उन्हाळ्यापर्यंत नवी यंत्रणा चालू झाली आणि हवा सुधारली तर राहीची शाळा जूनपासून तिकडे. नाही झालं तर आणखी एक वर्ष देवास. आठ वर्षांच्या पोरीला वर्ष म्हणजे केवढं मोठं असतं!

एका रविवारी नंदिनी तिला समजावत होती, नवीन यंत्र कसं काम करतं ते. "मोठे मोठे पत्रे असतात, घराएवढे. धूर त्यांच्या मधून जातो. राखेच्या कणाला आधी करंट द्यायचा, की तो पत्र्याकडे ओढला जातो आणि चिकटतो. मग पत्र्यावर ठोकायचं, की राख खाली. बंद नळीतून ती जाते विटांच्या भट्टीवर."

मी भाजी निवडत होते. हातातली मेथी खाली पडली.

"म्हणजे राखेत करंट असतो?"

"हो, आई. त्याशिवाय पकडता येत नाही ती."

मी इतकी हसले की ह्यांना पाणी आणावं लागलं. गंगाबई! माझ्या डिग्रीसकट मी त्यांच्या पाया पडले असते. त्यांनी मला दारात उभं राहून सगळं आधुनिकीकरण एका वाक्यात सांगून ठेवलं होतं आणि मी त्यांना विज्ञान शिकवलं.

यंदा मूग चोळून झाले, बरण्या भरून झाल्या, आणि तो रविवार आला. नंदिनी फोनवर आली. तिच्या मागे गॅलरी, गॅलरीच्या मागे आभाळ, आणि चिमणी. तिनं पंचा सोडला. तो फोनसमोर धरला.

राही स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. आम्ही दोघं तिच्या मागे. गच्चीवर कबुतरं गव्हाचे सांडलेले दाणे टिपत होती तेवढाच आवाज.

"जरासा आहे," राही म्हणाली. "कोपऱ्यात. पण सफेद आहे. आई, सफेद आहे!"

"थोडासा राहणारच गं," नंदिनी म्हणाली. ती अशीच आहे, आनंदातही खोटं बोलत नाही. "कोळसाच जळतोय शेवटी. पण फलकावरचा आकडाही आज पास झालाय. महिनाभर टिकला की ये."

टिकला. त्या महिन्यात मी किती देवांना काय काय कबूल केलं ते आता फेडायचंय. छातीवरचा एक दगड उतरला, असं लोक म्हणतात. माझ्या छातीवर तो दगड इतकी वर्षं होता की मला तो माझाच अवयव वाटायला लागला होता. तो उतरला तेव्हा एक-दोन दिवस मला तोल सांभाळता येईना. जिन्यावर हलकी वाटायचे.

आणि मग आम्ही तिघं निघालो. माझ्या पिशवीत, हो, एक डबा होता. मुगाचा, गोवऱ्यांची राख लावलेला, लेकीच्या घरचं वर्षाचं धान्य म्हणून. बसमध्ये हे सारखे त्या डब्याकडे बघत होते. म्हणाले, "उलटा प्रवास करतेय तुझी राख."

कॉलनी तीच. झाडं मोठी झालेली. पाणी ज्या नाल्यानं सोडत तो आता लांब वळणं घेत, गार होत जातो. काठावर बगळे उभे होते, म्हणजे खायला काहीतरी मिळत असणार. कोळशाच्या ढिगावर छप्पर आहे. चिमणी तेवढीच उंच, पट्टे नव्यानं रंगवलेले. तिच्यातून काहीतरी निघत होतं नक्कीच, पण काय ते डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नव्हतं. मी तिच्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, तू अजून जळतेसच, पण आता तोंडावर पदर घ्यायला शिकलीस.

नंदिनीनं राहीला उचलून इतकं घट्ट धरलं की राही ओरडली. मग सगळे रडलो. मग चहा झाला.

सकाळी उठले तेव्हा राही बिछान्यात नव्हती. ओट्यावर सापडली. वाकून, जीभ बाहेर काढून, एका बोटानं फरशीवर रेघा ओढत होती. गच्चीवर मीच तिला सांगितलं होतं, की तुझी आई लहानपणी इथल्या राखेत घर काढायची. ती परत परत बोट फिरवत होती आणि परत परत बोटाचं टोक बघत होती. फरशीवर काहीही उमटत नव्हतं. मी मागे येऊन उभी राहिले. हातात मुगाचा डबा होता, कोठीत ठेवायला निघाले होते. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली:

"आजी, इथे तर राखच नाहीये! आता पुढच्या वर्षी मुगाला काय लावणार तू?"